पहिल्या दाबाला खोल जाणारं पेडल

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला भरते. मार्गशीर्ष पौर्णिमा, तापीवरून येणारी थंडी, एकमुखी दत्ताच्या दर्शनाची रांग आणि घोडेबाजार. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरे अशा घोड्यांनी माळ भरून जातो. लोक फोटो काढायला येतात, व्यापारी घोड्याचे दात मोजायला येतात आणि आमच्यासारखे गावचे लोक गर्दीतून आपापल्या घरापर्यंत कसं पोहोचायचं याच्या विवंचनेत असतात.

त्या वर्षी मी दोंडाईच्याहून येत होतो. तापीच्या पुलाआधी वाहनांची रांग लागली होती. चढावर, नाक वर करून, आमची जुनी जीप जवळपास अर्धा तास उभी होती. हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. रांग सुटली, पूल ओलांडला आणि गावाच्या बाजूला उतरताना समोर एक पोरगा घोडा घेऊन आडवा आला. मी ब्रेक दाबला.

पेडल खाली गेलं. अडखळलं नाही, कुरकुरलं नाही, नुसतं खाली गेलं. पायाला फळी लागते की काय असं वाटलं. मी विचार करायच्या आत पायाने पेडल सोडलं आणि पुन्हा दाबलं. दुसऱ्या दाबाला ब्रेक लागले. जीप घोड्यापासून हातभर अंतरावर थांबली. घोड्याने कान मागे टाकले, पोराने माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं आणि दोघं निघून गेले. गर्दीत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

माझे मात्र हात थरथरत होते. कारण या जीपचे ब्रेक जुने नव्हते. दीड महिन्यापूर्वीच, दिवाळीच्या सुट्टीत, मी पुढच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवून घेतले होते. गाडी अधिक सुरक्षित व्हावी म्हणून.

तीन तक्रारी, एक शब्द

ज्या गॅरेजमध्ये काम झालं होतं तिथे मी आधीच एकदा फोन केला होता. उत्तर आलं होतं, "नवीन पॅड आहेत, चालवून चालवून बसतील. पेडल थोडं सॉफ्ट राहतंच." मी मान्य केलं होतं. आता त्या 'सॉफ्ट' शब्दाचा मला राग आला.

घरी आल्यावर मी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मलाच विचारलं, "भाऊ, नरम म्हणजे कसं? स्पंजासारखं, खोल, की बसत जाणारं?"

तेव्हा कळलं की आपण एका शब्दात तीन वेगवेगळ्या तक्रारी कोंबतो. तुमच्याकडे कुठलीही गाडी असेल तरी हे तीन फरक लक्षात ठेवा.

पेडल दाबल्यावर स्प्रिंगसारखं मऊ लागतं, पायाला लवचीक वाटतं, तर ऑइलमध्ये हवा आहे किंवा जुना रबरी होज दाबाने फुगतोय. पेडल एकदा दाबून तसंच धरून ठेवलं आणि ते हळूहळू खाली सरकत गेलं, तर कुठेतरी गळती आहे. बाहेर थेंब दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतला रबरी वायसर ऑइल मागे सोडतोय. आणि पहिल्या दाबाला पेडल खोल जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि कडक लागतं, तर चाकाजवळ कुठेतरी जास्तीची फट आहे. पहिला दाब ती फट भरण्यातच संपतो.

घाट उतरताना ब्रेक तापल्यावरच पेडल नरम पडत असेल तर ती वेगळी गोष्ट. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ठरावीक ओलावा शोषला की ही मर्यादा १४० अंशांवर येते. उकळलं की वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पण आमची जीप थंडच होती. डिसेंबरातल्या सकाळी तर अधिकच थंड.

मी मिस्त्रींना म्हटलं, "थोडं स्पंजासारखं आहे आणि पहिल्या दाबाला खोल जातं."

"म्हणजे दोन आजार शेत," ते म्हणाले.

बुटापासून डिस्कपर्यंत

हा आजार समजून घ्यायचा तर ब्रेकचा इतिहास थोडा उलगडावा लागतो. आणि तो, यात्रेच्या गावात बसून सांगायला बरा, घोड्यापासून सुरू होतो.

घोड्याला थांबवायला लगाम पुरतो, कारण थांबायचं काम घोडा स्वतः करतो. मागे भरलेली गाडी आली की प्रश्न उभा राहतो. उतारावर गाडी घोड्याला ढकलते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात गाडीवान चाकावर घासणाऱ्या ठोकळ्याला जुन्या बुटाचं चामडं लावत. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने ते पाहिलं आणि याहून चांगलं घासणारं काही बनवता येईल का याचा शोध घेतला. १८९७ साली त्याने सुरू केलेल्या कामातून पुढे 'फेरोडो' हे नाव आलं. फ्रूड या त्याच्या आडनावातली अक्षरं, त्यात बायकोच्या एलिझाबेथ या नावाचं पहिलं अक्षर, अशी जुळवाजुळव. ब्रेकचा लायनर हा त्या बुटाचा वंशज. (पुढे कित्येक दशकं लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरत. म्हणून जुना ड्रम उघडलात तर आतली धूळ तोंडाने फुंकू नका.)

मोटारी आल्यावर दोन कल्पना जवळपास एकाच वेळी पुढे आल्या. चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून दोन अर्धगोल बूट फाकवून रोखायचं, हा ड्रम ब्रेक. त्याचं श्रेय सहसा लुई रेनोला आणि १९०२ सालाला दिलं जातं. दुसरी कल्पना, फिरणाऱ्या तबकडीला दोन बाजूंनी चिमटीत पकडायचं. फ्रेडरिक लँचेस्टरने बर्मिंगहॅममध्ये तिचं पेटंट घेतलं तेही १९०२ सालीच. डिस्क ब्रेक आपल्याला नवा वाटतो, पण तो ड्रमच्याच वयाचा आहे. फक्त त्या काळचे धुळीचे रस्ते आणि धातूची पकड यांत तो टिकला नाही. ड्रम झाकलेला असतो म्हणून जिंकला आणि पुढची पन्नासेक वर्षं रस्त्यावर त्याचंच राज्य राहिलं.

तारेऐवजी तेल

पाय आणि चाक यांच्यामध्ये काय असावं हा दुसरा प्रश्न. सुरुवातीला लोखंडी कांब किंवा तार होती. चार चाकांना चार तारा. एक ताणलेली, एक सैल, की गाडी एका बाजूला ओढते.

याचं उत्तर ब्लेझ पास्कल देऊन ठेवला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली, छापलेल्या ग्रंथात त्याने लिहिलं होतं की बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो. हे तत्त्व मोटारीच्या ब्रेकला लावून माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने १९१७ साली पेटंट घेतलं. विमानांच्या लॉकहीड कंपनीशी जोडलेला अ‍ॅलन लॉकहीड हा त्याचा भाऊ. १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या महागड्या गाडीला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक होते. १९२४ साली क्रायस्लरने ते त्यामानाने परवडणाऱ्या गाडीत आणले. फोर्डने मात्र १९३९ पर्यंत तारा आणि कांबी सोडल्या नाहीत.

फोर्डची ही हट्टी भीती अगदीच खुळी नव्हती. तारेत हवा शिरत नाही. तार गळत नाही. तेलाचा सगळा कारभार एका अटीवर चालतो. नळीत फक्त द्रव हवा. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचं बळ चाकापर्यंत पोहोचतं. त्यात हवेचा एक बुडबुडा शिरला की आधी तो दाबला जातो, मग उरलंसुरलं बळ पुढे जातं. 'सॉफ्ट पेडल' ही तक्रार तेलाबरोबर जन्माला आली.

दुसऱ्या महायुद्धातली जीप याच तेलावर थांबत होती. विलीज आणि फोर्ड दोघंही ती बनवत. चारही चाकांना ९ इंची ड्रम, एकच मास्टर सिलिंडर, तोही ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खाली चासीला बसवलेला. ऑइल घालायचं तर फळीतलं झाकण उघडायचं. पेडल जमिनीतून वर आलेलं, म्हणून सिलिंडर जमिनीखाली. त्या काळात हे साधं, सरळ होतं.

भारतात ही जीप आणली महिंद्र बंधूंनी. १९४५ साली त्यांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर सुरू केलेली 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी फाळणीनंतर, १९४८ साली, 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. १९४९ पासून मुंबईत माझगावला जीपची जुळणी होऊ लागली. पुढे कितीतरी दशकं त्याच घराण्यातल्या जीपा खेड्यापाड्यांत धावल्या. आमच्या भागात तर जीप म्हणजे एसटी जिथे संपते तिथून पुढचा रस्ता. शहाद्याहून तोरणमाळला, सुमारे १,१५० मीटर उंचीवर, सात पायरी घाटातून. तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून धडगावला. आत माणसं, मागे लटकलेली माणसं, टपावर गाठोडी आणि कोंबड्या.

त्यातली एक माझे वडील चालवत. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो.

निप्पल खाली, हवा वर

मिस्त्रींनी पहिल्यांदा गळती बघितली. इंजिन बंद ठेवून मला पेडल जोरात दाबून एक मिनिट धरायला सांगितलं. पेडल जागचं हललं नाही. चारही चाकांच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, कोरडं. मास्टर सिलिंडरमधली पातळी तशीच होती. गळती नव्हती.

मग हवा. त्यांनी पुढचं चाक काढलं, कॅलिपर बघितला आणि हसले. हवा काढायचं निप्पल कॅलिपरच्या खालच्या टोकाला होतं.

ही चूक इतकी साधी आहे की सांगायला लाज वाटते. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. दोन्ही बसतात, बोल्टची भोकं जुळतात, ब्रेकही लागतात. पण बुडबुडा द्रवात वर जातो आणि निप्पल खाली असेल तर तुम्ही बाटलीभर ऑइल काढलंत तरी वर अडकलेली हवा तिथेच हसत बसते. गॅरेजमध्ये त्यांनी एअर काढली होती हे खरं होतं. सगळी निघाली नव्हती, एवढंच.

आम्ही कॅलिपरची अदलाबदल केली. निप्पल वर आलं. मग सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून, एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने निप्पल सैल करायचं, बुडबुडे संपेपर्यंत. मागच्या ड्रमचे बूटही खूप आत राहिले होते. जुन्या जीपला ते हाताने फिरवून जवळ आणावे लागतात. तेही केलं. पेडल वर आलं, कडक झालं. स्पंज गेला. मिस्त्री चहा पिऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीपमध्ये बसून पेडल दाबलं. पहिल्या दाबाला ते पुन्हा खोल गेलं. दुसऱ्याला वर, दगडासारखं कडक.

आप्पांचा प्रश्न

आप्पा ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. गुडघ्यांमुळे त्यांनी गाडी सोडून बरीच वर्षं झाली. डिस्क बसवायच्या आधी मी त्यांना विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. त्यांनीही काही म्हटलं नव्हतं.

आता त्यांनी एकच प्रश्न विचारला. "रात्री नाक वर करून उभी करतोस ना?"

आमच्या घरासमोरची जागा उताराची आहे. जीप कायम चढाकडे तोंड करून उभी असते. मी म्हटलं, "हो. पण त्याचा काय संबंध?"

"आज उलटी उभी करून बघ."

मी तसं केलं. सकाळी पहिल्याच दाबाला पेडल जवळजवळ पूर्ण उंचीवर लागलं. त्या रात्री पुन्हा नाक वर केलं. सकाळी खोल. तीन रात्री, तीन सकाळी. पुलाआधीच्या चढावर ती अर्धा तास नाक वर करून उभी होती, हे मला तेव्हा आठवलं.

मिस्त्री परत आले. त्यांनी पुढच्या दोन्ही होज पाइपांना गोल जबड्याचे चिमटे लावले. (पकडीने होज कधी दाबू नका, आतून चिरतो.) पुढची चाकं अशी वेगळी काढल्यावर पेडल पहिल्याच दाबाला वर लागलं. म्हणजे मागचे ड्रम ठीक होते, फट पुढे होती.

मग त्यांनी गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी मागवली, घराच्या भिंती समपातळीत घ्यायला वापरतात ती. एक टोक मास्टर सिलिंडरपाशी, दुसरं पुढच्या कॅलिपरपाशी. जीप नाक वर करून उभी असताना कॅलिपरचं वरचं टोक सिलिंडरमधल्या ऑइलपेक्षा चांगलंच वर होतं.

पाणी उताराकडे जातं आणि ब्रेक ऑइलही. मास्टर सिलिंडर फळीखाली, कॅलिपर वर. गाडी उभी राहिली की ऑइल संथपणे मागे सरकत होतं आणि पॅड डिस्कपासून मागे हटत होते.

किती हटत होते? मी हिशेब केला. आमच्या नव्या कॅलिपरचा पिस्टन ५४ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे सुमारे २३ चौरस सेंटीमीटर. मास्टर सिलिंडरचा पिस्टन १ इंचाचा, सुमारे ५ चौरस सेंटीमीटर. दोन्ही चाकांचे पिस्टन फक्त १ मिलिमीटर मागे हटले तर ते पुढे आणायला साडेचार घनसेंटीमीटरच्या वर ऑइल लागतं. त्यासाठी मास्टरचा पिस्टन ९ मिलिमीटर सरकायला हवा. आमच्या पेडलची तरफ सहापट आहे. म्हणजे पायाला सुमारे ५४ मिलिमीटर, चांगली तीन बोटं, आणि तोवर ब्रेक लागायला सुरुवातही झालेली नाही.

चाकापाशी १ मिलिमीटर, पायापाशी तीन बोटं. पुलाच्या उतारावर मला फळी का लागणार होती ते असं कळलं.

ल मांसचा पाय, चांदसैलीचा पाय

डिस्क ब्रेकचा पुनर्जन्म विमानांत झाला आणि तिथून तो शर्यतीच्या गाड्यांत आला. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मांसच्या २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप चालवली आणि जिंकली. सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या वर, त्या शर्यतीत पहिल्यांदाच. ड्रम तापून ढिले पडत होते, डिस्क टिकत होत्या. दोन वर्षांनी सिट्रोएन डीएस ही रोजच्या वापरातली गाडी पुढच्या चाकांना डिस्क घेऊन आली.

पण त्या सुरुवातीच्या डिस्कचा एक त्रास होता. वळणावर चाकाचा भाग किंचित लवायचा, डिस्क पॅडला मागे ढकलायची आणि पुढच्या वळणाला पेडल खोल जायचं. त्यावर चालकांचा उपाय म्हणजे वळणाआधी पायाने पेडलला हलकीच टिचकी मारून घेणं. फट भरून घ्यायची, मग खरा ब्रेक दाबायचा.

हे वाचताना मी थबकलो, कारण ही टिचकी मी ओळखत होतो. आप्पा प्रत्येक वळणाआधी तेच करत. मी लहानपणी पुढच्या सीटवर बसून ते शेकडो वेळा बघितलं होतं आणि देवळासमोरून जाताना लोक छातीला हात लावतात तसंच काहीतरी असेल असं समजलो होतो. त्या दिवशी घोड्यासमोर माझा पाय दुसऱ्यांदा खाली गेला तो माझ्या अकलेने नाही. तो बघून बघून शिकलेला पाय होता.

मी आप्पांना विचारलं, "तुमच्या जीपला तर ड्रम होते. मग टिचकी कशाला?"

"विचारून घ्यायचो," ते म्हणाले. "आहेस ना म्हणून. एकच पाइप होता सगळ्यांना. एक फुटला की चारही गेले. उतार लागल्यावर कळून काय उपयोग? आधी विचारायचं."

हरवलेली झडप

आता शेवटचा प्रश्न. जुन्या ड्रमच्या काळात सिलिंडर फळीखालीच होता, मग तेव्हा ऑइल मागे का येत नव्हतं?

कारण तेव्हाच्या लोकांनी त्याची सोय केली होती. ड्रमच्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटी झडप असते. पेडल सोडल्यावरही ती नळीत थोडा दाब, साधारण १० पीएसआय, धरून ठेवते. त्याने चाकातले रबरी वायसर ताणलेले राहतात, हवा आत शिरत नाही आणि ऑइल मागे येत नाही. ड्रममध्ये बूट मागे ओढायला जोरदार स्प्रिंग असतात, त्यामुळे एवढ्या दाबाने ते घासत नाहीत.

डिस्कला तशी स्प्रिंग नसते. तिथे पिस्टनभोवतीचं चौकोनी रबर दाबाखाली किंचित पिळतं आणि दाब सुटला की पिस्टनला केसभर मागे आणतं. १० पीएसआय शिल्लक राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापतं. गॅरेजमध्ये नेमकं हेच झालं होतं. मी पुन्हा फोन केल्यावर कारागिराने सरळ सांगितलं, "चाक गरम होत होतं, म्हणून सिलिंडरमधली झडप काढून टाकली."

त्याचं निदान बरोबर होतं, उपाय अर्धा होता. १० पीएसआयची झडप काढली तर पुढच्या डिस्कसाठी २ पीएसआयची बसवायला हवी होती. पॅड घासू नयेत इतकी हलकी, पण ऑइल खाली उतरू नये इतकी पुरेशी. आणि मागच्या ड्रमसाठी १० ची पुन्हा त्यांच्या नळीत. नंतरच्या गाड्यांत पेडल वरून टांगलेलं आलं, मास्टर सिलिंडर बॉनेटखाली वर गेला, कॅलिपर त्याच्या खाली आले आणि हा प्रश्नच मिटला. ज्या कारागिराने आयुष्यभर अशाच गाड्या केल्या त्याला ही झडप कशासाठी होती हे कुठून कळणार?

मी त्याच्यावर रागावलो होतो तो राग इथे थोडा ओसरला. आम्ही दोघांनी एकच चूक केली होती. जुनं काढताना ते तिथे का होतं हे विचारलं नाही. माझ्या जीपमध्ये १९४० च्या दशकाची रचना आणि अर्ध्या शतकानंतरचे कॅलिपर एकाच नळीने जोडले गेले होते. दोन्ही आपापल्या काळात बरोबर. मध्ये दुवा सांधणारी झडप तेवढी नव्हती.

दोन वाटा

झडपा मागवल्या, बसवल्या, हवा पुन्हा काढली. रात्रभर नाक वर करून उभी केली. सकाळी पहिल्या दाबाला पेडल वर. सलग आठ दिवस तसंच.

तरी मी जीप घाटात नेली नाही. आप्पांचं 'एकच पाइप' डोक्यात राहिलं होतं. त्या भीतीवरचा इलाज जगाने कधीच शोधला होता. एका सिलिंडरमध्ये मागेपुढे दोन पिस्टन, पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळ्या वाटा. एक फुटली तरी दुसरी राहते. अमेरिकेत कॅडिलॅकने तो १९६२ साली दिला आणि १९६८ पासून तिथल्या नव्या मोटारींना दुहेरी व्यवस्था बंधनकारक झाली. मी चकाकणाऱ्या डिस्कवर पैसे घातले आणि एकेरी सिलिंडर तसाच ठेवला. गाडी अधिक चांगली थांबावी म्हणून खर्च केला, पण ती मुळीच थांबली नाही तर काय, याचा विचार केला नाही. घाटात माणसं भरून रोज ये-जा करणाऱ्या माणसाने तो विचार प्रत्येक वळणावर केला होता.

दुहेरी सिलिंडर बसवायला आणखी एक महिना गेला. फळीखालची जागा अपुरी, कंस नवीन बनवावा लागला, झडपा आता दोन वेगळ्या वाटांवर गेल्या. मिस्त्रींनी शेवटी पेडल हाताने दाबलं, मग पायाने, मग मला म्हणाले, "आते जाय."

मी आप्पांना शेजारी बसवलं आणि तोरणमाळला गेलो. यशवंत तलावाच्या काठावर चहा प्यालो. परतताना सात पायरी घाट लागला. पहिल्या वळणाआधी मी पेडलला हलकीच टिचकी मारली. पेडल वर होतं, कडक होतं. शेजारी आप्पांचा उजवा पाय मोकळ्या फळीवर त्याच वेळी दाबला गेला, हे मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

आम्ही दोघंही काही बोललो नाही. खाली शहाद्याकडचं सपाट रान दिसू लागेपर्यंत दोघांनी प्रत्येक वळणाला विचारून घेतलं.